बासष्टावा दिवस

माघ लागला की आमच्या कोर्टात सगळे खोकायला लागतात. पक्षकार खोकतात, साक्षीदार खोकतात, दारावरचा पोलीस खोकतो. न्यायाधीश दुसरीकडून नव्यानं बदलून आलेले असले तर पहिला आठवडा तेही रुमाल नाकाला लावून बसतात. निपाणीच्या बाजूला हे तंबाखूचे दिवस. रानात पानं वाळत पडलेली असतात, रस्त्याच्या कडेला चुरा असतो, वखारींच्या दारात बायका तोंडाला फडकी बांधून चाळण्या हलवत असतात. माणसं तिथून उठून तशीच तारखेला येतात, आणि ती धूळ त्यांच्या सदऱ्यातून, पदरातून, पिशवीतून कोर्टात येते. दुपारी उन्हाची तिरीप खिडकीतून आत आली की ती हवेत तरंगताना दिसते. पिवळसर, अगदी बारीक.

मी आरोपींचा वकील आहे. शिवाय गावातल्या एका साप्ताहिकात साध्या भाषेत कायद्याबद्दल लिहितो. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, त्यामुळे आपल्याला जे कळलं ते चार लोकांना सांगावं, असं मला मनापासून वाटतं. या वेळी संपादक म्हणाले, "जामिनावर लिहा. कायदा नवा आलाय, लोकांना काही समजत नाही." लिहायला बसलो. खिडकी उघडी होती. तो वास आत आला, आणि जे लिहायचं होतं त्याऐवजी हे लिहून होतंय.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. दोन हजार चोवीसच्या जुलैपासून जुने फौजदारी कायदे गेले आणि नवे आले. आमच्या वकिलांच्या खोलीत त्या महिन्यात एक मोठा तक्ता लावला होता, डावीकडे जुनी कलमं, उजवीकडे नवी. तीस-तीस वर्षं वकिली केलेली माणसं त्याच्यासमोर चष्मा वर-खाली करत पाढे पाठ करणाऱ्या मुलांसारखी उभी राहायची. जुनं एकशे सदुसष्ट कलम आता एकशे सत्त्याऐंशी झालं. आत काय आहे? तेच. माणसाला अटक केली की पोलिसांनी ठरलेल्या मुदतीत तपास संपवून कोर्टात दोषारोपपत्र द्यायचं. फार मोठा गुन्हा असेल तर नव्वद दिवस, नाहीतर साठ. ते दिलं नाही, तर एकसष्टाव्या दिवशी आरोपीनं जामीन मागायचा आणि कोर्टानं तो द्यायचाच. गुन्हा केला की नाही, पुरावा किती आहे, हे काही बघायचं नाही. हा हक्क आहे, मेहेरबानी नाही. पण या हक्काला एक अट चिकटलेली आहे. कोर्टानं सांगितलेल्या वेळेत जामीनदार उभा करावा लागतो. ती वेळ टळली आणि मधल्या काळात पोलिसांनी कागद दाखल केले, की हक्क संपला. दूध नासावं तसा तो एका दिवसात नासतो.

नंबर बदलले. साठ दिवस तेच राहिले.

सहा-सात वर्षांपूर्वीच्या तंबाखूच्या दिवसांत मी साठ दिवस मोजत होतो. ते दिवस माझ्या मावसभावाचे होते.

आई लहानपणीच गेली. तिच्या बहिणीनं, माझ्या मावशीनं, मला आपल्या घरी आणलं. गाव वेदगंगेच्या अलीकडे, म्हणजे कर्नाटकात. मामाचं गाव पलीकडे, म्हणजे महाराष्ट्रात. मावशीच्या मागच्या दारातून मामाचं शेत दिसायचं. वाऱ्याची दिशा बरोबर असली तर मामानं बैलाला घातलेली शिवीही ऐकू यायची. मावशीचा मुलगा म्हादू, त्याला मी अण्णा म्हणतो. अण्णा सातवीला शाळा सोडून वखारीत लागला आणि मला मात्र त्यानं सोडू दिली नाही. मी बेळगावला कायदा शिकायला गेलो. खासबागेत एका विणकराच्या घरी खोली मिळाली. भिंतीपलीकडे दिवसभर माग खडखडायचा. सुरुवातीला डोकं उठायचं, मग त्याच ठेक्यावर मी निकाल पाठ करायला लागलो. दर शनिवारी निपाणीच्या बसनं मावशीच्या भाकरी यायच्या. अण्णा त्या स्वतः फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. त्याच्या बोटांना तंबाखूचा चीक असायचा, कितीही धुतला तरी न जाणारा. तो फडक्याला लागायचा, फडक्याचा भाकरीला. तीन वर्षं मी वरची भाकरी कडू खाल्ली. तेव्हा काही वाटलं नाही. वकील झालो तेव्हा त्यानं साऱ्या वखारीला पेढे वाटले आणि तिथला कारभार बघणाऱ्या दिवाणजींना म्हणाला, "आता आमच्या नादाला लागू नगा. घरात वकील हाय."

दिवाणजींनी ते लक्षात ठेवलं असावं.

अण्णाचं काम पाण्याचं. वाळलेली तंबाखू तशीच बांधायला गेलं तर हातात चुरा होते, म्हणून बोद बांधण्याआधी तिच्यावर पाणी मारतात. बोद म्हणजे तंबाखूचं मोठं गाठोडं. किती पाणी मारायचं याचं माप नाही. अण्णा एक पान मुठीत दाबून कानाशी धरायचा. करकरलं तर अजून पाणी, गप्प बसलं तर बास. सगळ्या वखारीत हे कान त्याचेच. म्हणून कुलपाची किल्लीही त्याच्याकडे. त्या वर्षी माल विकायला काढला तेव्हा वजन कमी भरलं. दिवाणजींनी पोलिसांत फिर्याद दिली, विश्वासानं सोपवलेला माल नोकरानं लांबवला.

या गुन्ह्याला जास्तीत जास्त सात वर्षं शिक्षा. आणि सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात ऊठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, अटक का लागते याची कारणं लिहायची, असं सर्वोच्च न्यायालयानं तेव्हाही सांगून झालेलं होतं. आता तर पुढे जाऊन सांगितलंय की ती नोटीस व्हॉट्सअॅपवर टाकून भागणार नाही, आणि अटकेची कारणं माणसाला त्याला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यायला हवीत. चांगली गोष्ट आहे. त्या वेळीही फौजदारांनी कारण लिहिलं होतं. एकच ओळ: आरोपीचे आजोळ व सासर महाराष्ट्रात असल्याने हद्द ओलांडून पळून जाण्याची शक्यता.

मागच्या दारातून दिसणारं शेत. तिथं तो पळून जाणार होता.

मी जामिनाचा अर्ज केला. याच ओळीवर तो फेटाळला. मावशीला सांगितलं, आता साठ दिवस मोजायचे. तिनं चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायला सुरुवात केली. अण्णाची बायको सुशी सकाळी पाण्याला गेली की नळावरच्या बायका घागरी बाजूला ओढून घ्यायच्या, जणू तिच्या कळशीला काही लागलंय. एकजण म्हणाली, "बाई, आपल्या घागरी मोजून घ्या गं." सगळ्या हसल्या. सुशी रिकामी कळशी घेऊन परत आली. तिनं मावशीला काही सांगितलं नाही, ते मला शेजारच्या शिवाप्पानं सांगितलं.

मी जेलमध्ये भेटायला जायचो. जाळीपलीकडे अण्णा उभा असायचा. जेलचं वर्णन काय करायचं, पण त्याची तक्रार वेगळीच होती. "हितं वासच न्हाय रं कसला. नाक मेल्यागत झालंय. झोप येत न्हाय." मग बोटं मोजत विचारायचा, "किती झालं?" मी सांगायचो. "आनि मग?" "मग सोडावंच लागतंय अण्णा. कायदा हाय." तो मागं वळून बराकीतल्या कुणालातरी अभिमानानं सांगायचा, "भाऊ हाय माझा. बेळगावात शिकल्याला."

मोजण्याबद्दलही एक सांगायला हवं. पहिला दिवस धरायचा की सोडायचा, यावर पुष्कळ वर्षं दोन्ही बाजूंचे निकाल होते. अलीकडे तीन न्यायमूर्तींनी मिळून ठरवलं, धरायचा. तेव्हा ते नक्की नव्हतं, म्हणून मी कुठल्याही हिशेबानं साठ भरतील एवढा थांबलो. एकसष्टाव्या दिवशी, गुरुवारी, कोर्ट उघडायच्या आधी दारात उभा होतो. पोलिसांचं दोषारोपपत्र आलेलं नव्हतं. अर्ज दिला. दुपारी हुकूम झाला: स्थानिक जामीनदार उद्या संध्याकाळपर्यंत हजर करावा, आरोपीस सोडावे.

आणि जामीनदार तिथेच बसला होता. शिवाप्पा. घरात कानडी बोलणारा आणि आमच्याशी मराठी, भिंतीला भिंत लागलेला शेजारी. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आपली तंबाखू रानात टाकून, पहाणीचा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तो सकाळपासून बाकावर बसला होता. पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा. मी बाहेर आलो तसा तो उठला. "घ्या वकीलसाब. कुठं अंगठा द्यायचा बोला. सही बी येतंय आपल्याला."

मी मावशीकडे पाहिलं. मावशी खालच्या आवाजात म्हणाली, "मामाला सोडून?"

हे कुणा बाहेरच्याला कळणार नाही. आमच्यात कान टोचताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. बोहल्यावर मामा पाठीशी उभा राहतो. अण्णाचा तर तो मामाही आणि सासराही, कारण सुशी मामाचीच मुलगी, आमच्याकडची रीतच ती. संकटात पहिला हात मामाचा. त्याच्याआधी शेजाऱ्याचा हात धरला तर मामाला काय तोंड दाखवायचं? मावशी म्हणाली, "उद्यापत्तुर येळ हाय न्हवं? मग उद्या दादाला बोलवू. एका दिसानं काय हुतंय."

मला ठाऊक होतं की मामाची जमीन महाराष्ट्रातली, आणि आमच्या कोर्टात कागद तपासणारे शिरस्तेदार ती चालवून घेत नाहीत. मी म्हणू शकलो असतो, मावशी, आज शिवाप्पाची सही होऊ दे, मामाची समजूत मी काढतो. म्हणालो नाही. कारण मला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती.

सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशातल्या एका गरीब गवंड्याला सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला. खालच्या कोर्टानं त्याच्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं, का, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. प्रकरण पुन्हा वर गेलं. सर्वोच्च न्यायालयानं फटकारलं, दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून जामीनदार नाकारता येणार नाही. देश एक आहे. हा निकाल मी खासबागेत मागाच्या ठेक्यावर पाठ केला होता. परीक्षेत आला होता. मी चार पानं लिहिली होती. त्या रात्री जेवण झाल्यावर मी त्या निकालाचं नाव, वर्ष, पान, सगळं निळ्या शाईनं एका चिठ्ठीवर उतरवलं आणि कोटाच्या खिशात ठेवलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. मामासमोर, मावशीसमोर, कडू भाकरी खाऊन शिकलेलं उद्या कामाला येणार होतं. मी कुणाला काही बोललो नाही. बघतीलच, म्हटलं.

शिवाप्पाला मावशी म्हणाली, "तू जा बाबा, तुझी तंबाखू हाय. उद्या आमचा दादा यील." शिवाप्पानं पिशवीची घडी घातली. "असू दे आक्का," एवढंच म्हणाला. दिवसभर बसून राहिलेल्या माणसाची पाठ जशी दिसते तशी त्याची पाठ दिसली.

शुक्रवार. बासष्टावा दिवस. मामा आला तो परीटघडीचं धोतर नेसून, पटका बांधून. हातात नवीकोरी फाईल, आत सातबारा, तलाठ्याच्या शिक्क्यासह. सुशी त्याच्या मागे, कडेवर चार वर्षांची राणी. मामानं शिरस्तेदारांच्या टेबलावर फाईल ठेवली, देवापुढे नारळ ठेवावा तशी, दोन्ही हातांनी.

शिरस्तेदारांनी एक पान उलटलं. "इदु नडियल्ल," ते म्हणाले. हे चालत नाही. मग मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काय मामा, शेत कुठं तुमचं? महाराष्ट्रात. उद्या भाचा पळाला तर काय, मी तिकडं येऊन तुमचा ऊस कापू?"

लोक हसले. वकील हसले, पोलीस हसले. आरोपीच्या पिंजऱ्यातला एक दारुडाही हसला. मामाही पहिल्यांदा हसला, काहीतरी थट्टा चाललीय असं समजून. मग त्याच्या लक्षात आलं.

"साहेब, धा एकर हाय," मामा म्हणाला. "बारमाही पानी हाय."

"असंल हो. आमच्या राज्यात न्हाई ना."

गलका ऐकून न्यायाधीशांनी मान वर केली. मला पुढे बोलावलं. काय आहे ते ऐकलं. ते वाईट गृहस्थ नव्हते, हे मला लिहायलाच हवं. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, यावर कायद्याचं काही म्हणणं आहे का?

माझा हात कोटाच्या खिशात होता. चिठ्ठी बोटांत होती. निकालाचं नाव तोंडात तयार होतं, वर्ष तयार होतं, इंग्रजी वाक्यही बसमध्ये दहा वेळा घोकलेलं. आणि मला आठवलं की मागच्याच आठवड्यात याच कोर्टात माझ्या इंग्रजीला दोन ज्येष्ठ वकील तोंडावर हात ठेवून हसले होते. ते आत्ताही पहिल्या रांगेत बसले होते. आणि मनात आलं, हे न्यायाधीश तीन वर्षं इथे असणार. भरल्या कोर्टात यांना चुकलात म्हणायचं, तेही मी. यांच्यासमोर मला रोज उभं राहायचं आहे. अण्णासाठी एकदाच.

हे असंच, याच शब्दांत मनात आलं. नंतर मी त्याला पुष्कळ वेगळे कपडे घालून पाहिले.

"नाही सर," मी म्हणालो. "स्थानिक जामीनदार आणतो."

"संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले आणि पुढचं प्रकरण पुकारलं.

मी शिवाप्पाला फोन लावला. तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा त्यानं उचलला. मागे पानं गोळा करणाऱ्या बायकांचे आवाज येत होते. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वकीलसाब, काल मी दिवसभर बसलो हुतो. काल मी परका हुतो. आज माझी तंबाखू रानात हाय, आभाळ आलंय, आठ बायका लावल्यात. आज मी येत न्हाय." मग, जरा नरम होऊन, "सोमवारी येतो."

पाचला कोर्ट उठलं. शनिवारी सकाळी साडेदहाला पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं. सोमवारी शिवाप्पा आला, तीच पिशवी घेऊन. न्यायाधीश म्हणाले, वेळ टळली आहे, आता नेहमीचा जामीन अर्ज करा. कायद्यानं बरोबर होतं. मावशीनं भिंतीवर बासष्ट रेघा ओढल्या होत्या. त्रेसष्टावी कुणी ओढली नाही.

मामा रविवारीच जीप घेऊन आला होता. मावशीनं चहा पुढे केला, त्यानं हात लावला नाही.

"सुशे, ट्रंक काढ."

"दादा, तुला मान द्यायचा म्हनूनच बोलावलं रं," मावशी म्हणाली.

"मान दिलासा व्हय गं? साऱ्या कोर्टात हसं करून? माझ्या सातबाऱ्याला जितं किंमत न्हाय, तितं माझी लेक ऱ्हानार न्हाय." मग माझ्याकडे वळला. "आनि हे वकील. शिकलं म्हनं बेळगावात. त्वांडातनं आवाज फुटला न्हाय ह्याच्या."

त्याला चिठ्ठीबद्दल काही माहीत नव्हतं. तरी तेवढं त्याला दिसलं होतं.

सुशीनं सासूच्या पायाला हात लावला. राणीची एक चप्पल सापडत नव्हती. तिला एका चपलेनंच जीपमध्ये बसवलं. जीप पूल ओलांडून पलीकडे गेली आणि मागच्या दारातून आम्हाला ती मामाच्या शेताच्या बांधाला लागेपर्यंत दिसत राहिली. चप्पल नंतर सापडली, कणगीमागं.

अण्णा सुटला तेव्हा तंबाखूचे दिवस संपले होते. वरच्या कोर्टानं जामीन दिला. शिवाप्पाच उभा राहिला. घरात आल्यावर अण्णानं आधी खोल श्वास घेतला, घरात वास उरलाय का ते बघायला. मग म्हणाला, "सुशी कुटं गेली?" मावशीनं त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तो तांब्या धरून तसाच उभा राहिला. प्यायला नाही, खाली ठेवलाही नाही.

तो दोनदा पलीकडे गेला. पहिल्यांदा मामानं दार उघडलं नाही. दुसऱ्यांदा दाराआडून म्हणाला, "निर्दोष सुटून ये, मग बघू." खटला चार वर्षं चालला. तो चालू असतानाच, दोन वर्षांनी पंच बसले, काडीमोड झाला, सुशीला गडहिंग्लजकडे दुसरीकडे दिलं.

खटला आम्ही जिंकलो. सगळी चोरी एका प्रश्नात संपली. उलटतपासात मी दिवाणजींना विचारलं, पहिलं वजन केलं तेव्हा तंबाखूवर पाणी मारलेलं होतं का? म्हणाले, होतं. दुसरं वजन? तीन महिन्यांनी. मध्ये माल वाळतो का? वाळणारच की, त्यात काय विचारायचं. बोलून गेले आणि मग सरकारी वकिलाकडे बघायला लागले. न्यायाधीश नवे होते, त्यांनी हसू आवरलं. निकालात लिहिलं, वजनातील घट ओलावा कमी झाल्याने असू शकते, आरोपीला संशयाचा फायदा. त्या दिवशी वकिलांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "म्हणजे चार वर्षं पाण्याची चोरी चालली होती!" मोठा हशा झाला. मीही हसलो. जिंकलेल्या वकिलाला हसावं लागतं.

राणी आता दहा-अकरा वर्षांची आहे. वर्षातून एकदा, गावच्या यात्रेला, आजोबांबरोबर पूल ओलांडून येते. मावशी तिला पुरणपोळी करते. ती अण्णाला "काका" म्हणते. तिला तसं सांगितलं असावं. अण्णा तिला दुरुस्त करत नाही. "काय पायजे बाळ?" विचारतो, आणि तिला यात्रेत नेऊन दर वर्षी चप्पल घेऊन देतो. दोन्ही पायांची.

वखारीत त्याला परत कुणी घेतलं नाही. आता तो माझ्या ऑफिसात बसतो, फायली लावतो, तारखा सांगतो, पक्षकारांना पाणी देतो. मी आणलं त्याला. लोक म्हणतात, भावाचे उपकार फेडले. मी ऐकून घेतो.

गेल्या मंगळवारी एक जामीनदार आला, महाराष्ट्रातल्या चंदगडकडचा शेतकरी, भावासाठी. शिरस्तेदार नवे आहेत, पण वाक्य तेच: बाहेरचा सातबारा. मी उठलो. गवंड्याचा निकाल सांगितला. नंतर दोन हजार तेवीसचं सर्वोच्च न्यायालयाचं सांगणंही सांगितलं, की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहापायी माणसं जामीन मिळूनही आत राहतात, तेव्हा ती अट घालू नये. इंग्रजीत बोललो. चार मिनिटं लागली असतील, जास्त नाही. न्यायाधीशांनी मान हलवली, सातबारा घेतला. तो शेतकरी माझ्या पाया पडायला वाकला.

अण्णा दाराशी उभा होता, फायली छातीशी धरून. आम्ही बाहेर आलो. आवारात ऊन होतं आणि तंबाखूची धूळ.  चालता चालता, माझ्याकडे न बघता अण्णा म्हणाला, "हे आत्ता बोललास ते, गवंड्याचं. हे जुनं हाय व्हय?"

"व्हय."

"आमच्या टायमाला हुतं?"

"हुतं."

चार पावलं तो तसाच चालला. "मग त्या दिवशी तुला ठावं हुतं का रं?"

"न्हाय अण्णा," मी म्हणालो. "नंतर वाचलं."

त्याचा चेहरा सैल झाला. मी तो कित्येक वर्षांत तसा पाहिला नव्हता. "मग बरं," तो म्हणाला. "मला उगंच वाटायचं..." आणि वाक्य तिथंच सोडून त्यानं खिशातून रुमाल काढला, माझ्या कोटावरची तंबाखूची धूळ झटकली, दोन्ही खांद्यांवरून, शाळेत सोडताना झटकायचा तशी. त्या कोटाच्या आतल्या खिशात ती चिठ्ठी अजून आहे. घड्यांवर फाटलीय, शाई फिकट झालीय.

जामिनावर लिहायला सांगितलं होतं. लिहिलं. वेळेत जामीनदार उभा करा, सातबारा पलीकडचा असला तरी घाबरू नका, आणि वकिलाला विचारा की याबद्दल कायदा काय सांगतो. त्याला ठाऊक असतो. तोंडाकडे बघून विचारा.

माझं काहीही छापून आलं की अण्णा ते वाचतो. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, शीर्षकापासून नावापर्यंत, एक शब्द न गाळता. मग कात्री मागतो, कात्रण कापतो आणि राणीची ती जुनी चप्पल ज्या पत्र्याच्या पेटीत आहे, तिच्यात जपून ठेवतो. हे छापलेला अंक शुक्रवारी सकाळी येईल. कात्री मी त्याच्या टेबलावर काढून ठेवली आहे.